हळवं की गरवं? : एक प्रस्तावना

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावाची जत्रा पौष पौर्णिमेला सुरू होते. खांबलिंगेश्वराचं दर्शन, घोंगड्यांचे ढीग, खाजा-मिठाईची पालं हे सगळं असतंच. पण शेतीतला माणूस आधी बैलबाजारात जातो. बाजारात किती जोड्या आल्या, त्या काय भावानं गेल्या आणि विकणारे कोण होते, एवढं पाहिलं की मागचा पावसाळा कसा गेला ते कळतं. २०२०च्या जानेवारीत मी असाच हिंडत होतो. एका वयस्कर शेतकऱ्यानं चांगली कामाची, अंगानं भरलेली जोडी उभी केली होती आणि भाव मात्र पडेल सांगत होता. का, असं विचारल्यावर त्यानं टेम्पोतून मूठभर पेंढा काढून माझ्या हातावर ठेवला. भाताचा पेंढा जानेवारीत सोनेरी पिवळा असायला हवा. हा राखाडी होता, मधूनमधून काळा. बोटांनी दाबला तर चुरला आणि बुरशीचा वास आला.

"कापलेलं भात खाचरात आडवं होतं, तवाच दिवाळी भिजली," तो म्हणाला. "लोंबीतच मोड आले. पेंढा काळा पडला, बैल तोंड लावीत नाय. मृगापर्यंत यांना घालू काय?"

त्या मूठभर पेंढ्याचं मूळ शोधत गेलं तर पार आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जावं लागतं. २०१९ साली हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग नेहमीपेक्षा बराच तापलेला होता आणि सुमात्राकडचा भाग थंड पडला होता. हवामानशास्त्रज्ञ याला हिंदी महासागराचं द्विध्रुव म्हणतात. त्या वर्षीचं द्विध्रुव आजवरच्या नोंदींतल्या सर्वांत जोरदार द्विध्रुवांपैकी होतं. त्यानं पूर्व आफ्रिकेत पूर आणले, ऑस्ट्रेलियात वणव्यांना कोरडं रान मिळवून दिलं आणि आपल्याकडे पावसाला माघारी निघू दिलं नाही. त्याआधी जून महिना देशभर ३३ टक्के तुटीचा गेला होता. मोसमी पाऊस मुंबईला २५ जूनला, म्हणजे पंधरवड्याच्या उशिरानं पोचला. लोक दुष्काळाची भाषा बोलू लागले होते. त्यानंतर सप्टेंबरात सरासरीच्या दीडपट पाऊस पडला, माघारीला सुरुवात झाली ती थेट ९ ऑक्टोबरला, नोंदींतली सर्वांत उशिराची माघार. ऐन दिवाळीत अरबी समुद्रात क्यार हे महाचक्रीवादळ घोंघावत होतं, त्याच्या पाठोपाठ महा नावाचं वादळ आलं. दोन्ही वादळं किनाऱ्यापासून लांबच राहिली. पण त्यांच्या ढगांनी म्हशाच्या खाचरांतलं कापलेलं भात भिजवलं.

एप्रिलमधला अधिकृत अंदाज त्या वर्षी सरासरीच्या ९६ टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात ११० टक्के पडला. आकड्यांच्या हिशेबात हे वर्ष चांगलंच म्हणायचं. बैल विकणाऱ्या त्या माणसाच्या हिशेबात ते कसं होतं, ते माझ्या हातावर होतं.

तुमच्या हातातल्या या पुस्तकाचा विषय या दोन हिशेबांमधलं अंतर हा आहे. समुद्राचं तापमान मोजणाऱ्या शास्त्राची ओळख मराठीत अधूनमधून होत असते. एल निनो हा शब्द तर आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. दुष्काळ आणि पाणी यांवरही मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. पण हे दोन्ही एका पंगतीला बसवून, तेही घाटाखालच्या दोन तालुक्यांच्या जमिनीवर उभं राहून बोलणारं पुस्तक माझ्या वाचनात नव्हतं. संपादकांनी प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा मी आनंदानं हो म्हटलं. माझं काम वाचकाला या प्रदेशाची आणि या शास्त्राची वाट दाखवून देणं, एवढंच आहे.

आधी प्रदेश. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे तालुके, सह्याद्रीच्या पायाला टेकलेले. अरबी समुद्रावरून येणारे ढग इथे डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि रिकामे होतात. वर्षाला सर्वसाधारणपणे अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. माळशेज घाट चढून जुन्नरच्या पूर्वेला उतरलं की कोरडवाहू मुलूख लागतो. तिथला शेतकरी इथल्या पावसाचा आकडा ऐकून हेवा करील. त्याला वैशाख महिन्यात शहापूरच्या एखाद्या पाड्यावर नेऊन उभं करावं. विहिरीच्या तळाशी एक बाई उतरलेली असते, खडकाच्या कपारीतून झिरपणारं पाणी वाटीनं कळशीत भरत असते, वर काठावर हंड्यांची रांग असते आणि सगळ्यांचे कान टँकरच्या हॉर्नकडे.

याच तालुक्याच्या परिसरातून मुंबईला पाणी जातं. तानसा तलाव १८९२चा. मोडक सागर, मध्य वैतरणा नंतरचे. भातसा एकटं मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा उचलतं. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण, ते औद्योगिक वसाहतींची आणि खालच्या शहरांची तहान भागवतं. काळू नदीवर आणखी एक धरण बांधायचं ठरलं, तेव्हा तिथल्या आदिवासींनी विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावरचा पाडा कोरडा का, हा प्रश्न इथे इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्यातली धार गेली आहे. मला तो पुन्हा विचारायचा नाही. इगतपुरीच्या भावली धरणातून शहापूरच्या गावांना पाणी आणण्याची योजना आखली गेली, तिच्याकडे लोक डोळे लावून आहेत. ते पाणी नळाला आलं की त्यावर लिहावं.

मला वाचकाचं लक्ष वेधायचं आहे ते खडकाकडे. इथली जमीन काळ्या बेसाल्टवर पातळ पांघरूण घातल्यासारखी आहे. बेसाल्टमध्ये पाणी मुरतं ते फटींतून आणि मुरमाच्या थरातून, आणि उतार इतका की मुरलेलंही दिवाळीनंतर ओढ्यांत निघून जातं. म्हणजे इथला दुष्काळ पाऊस न पडल्याचा नसतो; पडलेला पाऊस थांबत नाही, त्याचा असतो. आणि पूरही त्याच उताराचा, त्याच खडकाचा. मुरबाडच्या माणसाला पूर आला की नाही हे कळायला एकच खूण पुरते, कल्याणच्या रस्त्यावरचा उल्हास नदीवरचा रायता पूल. तो पाण्याखाली गेला की तालुका तुटला. २००५ साली गेला, २०१९ला गेला, २०२१च्या जुलैत तर पुलाला जोडणारा रस्ताच वाहून गेला. २०१९च्या २७ जुलैला याच उल्हासच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी आणि पाण्यातून चालवत बाहेर काढावं लागलं. तेव्हा देशभरातल्या वाहिन्यांना उल्हास नदीचं नाव कळलं. महिन्यापूर्वी याच खोऱ्यात भाताची दाढ, म्हणजे लावणीआधीची रोपं, सुकत होती, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

आता शास्त्र. त्याची गोष्ट सांगायला मुरबाडइतकी चांगली जागा नाही. तालुक्याच्या पूर्व टोकाला नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याला उतरलेला माल याच घाटानं जुन्नरकडे चढायचा. राणी नागनिकेचा लेख तिथल्या गुहेत अजून वाचता येतो. हा माल आणणारी गलबतं तांबड्या समुद्राकडून नैऋत्य वाऱ्यावर यायची आणि वारा फिरला की परत जायची. आपण ज्याला मोसमी पाऊस म्हणतो तो शब्दसुद्धा अरबी खलाशांच्या मौसिमवरून आलेला आहे. म्हणजे या वाऱ्यांचं ज्ञान आधी खलाशांकडे आणि व्यापाऱ्यांकडे होतं, शेतकऱ्याकडे ते पावसाच्या रूपानं होतं. दोघं एकमेकांना नाणेघाटात भेटत असतील, पण हवामानावर काय बोलले असतील याची नोंद नाही.

वारे असे का वाहतात, याचं पहिलं शास्त्रीय उत्तर १६८६ साली एडमंड हॅलीनं दिलं. धूमकेतूवाला तोच हॅली. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. शाळेच्या पुस्तकात आजही हेच उत्तर असतं. पुढे १८७५ साली भारतीय हवामान विभाग स्थापन झाला, त्याच्यामागे चक्रीवादळांचा आणि दुष्काळांचा अनुभव होता. १८७६ ते ७८च्या भीषण दुष्काळानंतर सरकारला पावसाचा अंदाज आधी हवा होता. विभागाचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून तो बांधायला सुरुवात केली. बर्फ जास्त तर पाऊस कमी. ही खूण काही वर्षं चालली, मग चालेनाशी झाली. १८९९ साली चांगल्या पावसाचा अंदाज होता आणि पडला तो भयंकर दुष्काळ.

१९०४ साली विभागाचे प्रमुख म्हणून गिल्बर्ट वॉकर आले. हे हवामानतज्ज्ञ नव्हते, गणिती होते, आणि बहुधा म्हणूनच त्यांनी कारण शोधण्याचा हट्ट धरला नाही. जगभरच्या वेधशाळांचे आकडे त्यांनी शेजारी शेजारी मांडले आणि कुठला आकडा कुठल्या आकड्याबरोबर हलतो ते पाहिलं. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर घटतो, आणि उलट, मुलांच्या सी-सॉसारखं. याला त्यांनी दक्षिणी आंदोलन असं नाव दिलं. भारताच्या पावसाचा अंदाज त्यांना नीट बांधता आला नाही, पण त्यासाठी केलेल्या शोधात साऱ्या जगाच्या हवामानाची एक किल्ली हाती लागली. पेरूचे कोळी नाताळच्या सुमारास किनाऱ्याशी येणाऱ्या गरम पाण्याला एल निनो, म्हणजे बाळ येशू म्हणत. ते पाणी आणि वॉकरचा सी-सॉ ही एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत हे याकोब बियर्कनेस यांनी १९६९ साली दाखवलं. नेहमीच्या वर्षी व्यापारी वारे प्रशांत महासागरातलं गरम पाणी इंडोनेशियाकडे ढकलून ठेवतात, तिथे हवा वर चढते आणि पाऊस पडतो. एल निनोच्या वर्षी वारे ढिले पडतात, गरम पाणी पूर्वेला पसरतं, हवा वर चढण्याची जागा सरकते आणि आपल्या डोक्यावरची हवा खाली बसू लागते. खाली बसणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत.

या शास्त्रात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि आपल्याला त्याची फारशी कल्पना नसते. १९२८ साली हवामान विभागाचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती इमारत म्हणूनच सिमला ऑफिस, आणि रोज त्या चौकातून जाणाऱ्या कितीतरी पुणेकरांना हे नाव कुठून आलं ते ठाऊक नसतं. १९६२ साली पुण्यातच उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था उभी राहिली. त्याच दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत मुंबईच्या केंद्रातून समुद्रावर विमानं उडाली आणि कोकण-गुजरातच्या किनाऱ्यालगत हवेच्या मधल्या थरात तयार होणारा एक वेगळाच भोवरा सापडला. जमिनीवरच्या नकाशात तो जेमतेम दिसतो, पण कोकणात दोन-दोन दिवस कोसळणारा पाऊस पुष्कळदा त्याचा असतो. मिलर आणि केशवमूर्ती यांनी १९६८ साली त्यावर लिहिलं. ठाण्याच्या पुराची गोष्ट सांगताना एल निनोचं नाव घेणाऱ्यांनी आधी हा भोवरा समजून घ्यावा, असं माझं मत आहे.

वॉकरच्या वाटेनं जाणारे, म्हणजे खुणा शोधून समीकरण मांडणारे, यांचा एक पंथच झाला. १९८८ साली वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचं प्रारूप आणलं. चौदा वर्षं ते मिरवलं. २००२च्या जुलैत देशभर सरासरीच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडला, प्रारूपाला त्याची चाहूल लागली नव्हती. त्याआधी १९९७ साली शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी एक डोक्यावर असताना पाऊस सरासरीइतका पडून गेला होता. दुसऱ्या पंथाचं म्हणणं असं की आधी मोसमी पाऊस म्हणजे काय तेच नीट सांगा. पुण्यात वाढलेल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी हॅलीच्या उत्तरावरच बोट ठेवलं. जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात, पाऊस जोरात असतो जुलैत. शिवाय दुष्काळाच्या वर्षी जमीन जास्त तापलेली असते. तापण्यानंच पाऊस यायचा तर उलटं व्हायला हवं होतं. त्यांच्या मांडणीत मोसमी पाऊस म्हणजे विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा उन्हाळ्यात उत्तरेला सरकून जमिनीवर येणं. तो पट्टा समुद्रावर रेंगाळला की आपल्याकडे खंड पडतो. मला ही मांडणी जास्त पटते, आणि ती समजावून सांगायलाही सोपी आहे. पाठ्यपुस्तकात ती का येत नाही, देव जाणे.

तिसरा पंथ म्हणतो की प्रशांत महासागराकडे पाहता पाहता आपण आपल्या दारातला समुद्र विसरलो. १९९९ साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हिंदी महासागराचं द्विध्रुव मांडलं. १९९७चं कोडं त्यानं बरंच सोडवलं. त्यानंतरचा मुद्दा तापणाऱ्या अरबी समुद्राचा. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की मध्य भारतात पावसाची बेरीज फारशी बदललेली नाही, पण मध्यम पावसाचे दिवस घटले आहेत आणि अतिवृष्टीचे वाढले आहेत. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली १९५० पासूनच्या नोंदी तपासून मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं मांडलं आणि त्यासाठी लागणारं बाष्प बरंचसं अरबी समुद्राकडून येतं असं सांगितलं. इथे वाचकानं थोडं सावध राहावं. म्हसा त्या पट्ट्यात येत नाही. डोंगराच्या पायथ्याचा पाऊस स्वतःच्या नियमानं चालतो, आणि मध्य भारताचा निष्कर्ष उचलून मुरबाडवर चिकटवणं हे शास्त्र नव्हे. या पुस्तकातल्या एक-दोन लेखकांना हा मोह झाला आहे. संपादकांनी तो आवरायला हवा होता.

मोजमापाची अडचणही लहान नाही. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. एवढ्याशा अंतरात हा फरक, तर ठाणे जिल्ह्याचा म्हणून दिलेला अंदाज म्हशाला किती लागू? आता महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे महसूल मंडळापर्यंत आकडे मिळू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण मंडळाच्या गावातलं यंत्र आणि डोंगराखालचा पाडा यांच्यातही पावसाच्या दोन-चार सरींचा फरक असतोच.

शेतकऱ्याचं स्वतःचं शास्त्र आहेच. ते नक्षत्रांवर चालतं. मृग लागला की पेरणी, आर्द्रात दाढ उतरणार, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, पुढे हत्तीचा पाऊस गडगडत येणार. सहदेव-भाडळीच्या नावानं चालणारे ठोकताळे, कावळ्यानं घरटं किती उंचावर बांधलं याची खूण, पहिल्या पुराबरोबर ओढ्यातून खाचरांत चढणारे वलगणीचे मासे, हे सगळं या भागात अजून बोललं जातं. या ज्ञानाची टिंगल करणारे आणि त्याला डोक्यावर घेऊन नाचणारे, दोघेही मला सारखेच आळशी वाटतात. नक्षत्रांची दिनदर्शिका हा पावसाचा अंदाज नाहीच. ते कामाचं वेळापत्रक आहे. कुठल्या आठवड्यात कसा पाऊस पडायचा याची पिढ्यान् पिढ्यांची सरासरी काढून त्याला नावं दिलेली आहेत, आणि पाऊस त्या सरासरीच्या आसपास राहिला तोवर वेळापत्रक उत्तम चाललं. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मेला पोचला, नोंदींतला सर्वांत लवकरचा. रोहिणी नक्षत्रातच! राब भाजून ठेवलेल्यांची राख पेरणीआधीच भिजली, धूळवाफेची, म्हणजे पावसाआधीची कोरडी पेर राहून गेली, वाफ्यात भाताआधी तण उगवलं. वेळापत्रकात या पावसाला खानाच नव्हता.

आणि इथे मी या प्रस्तावनेच्या मथळ्याशी येतो. म्हशाचा शेतकरी पावसाचा अंदाज तोंडानं सांगत नाही. तो बियाण्याच्या पिशवीनं सांगतो. हळवं भात एकशेदहा-पंधरा दिवसांत होतं, दसऱ्याच्या सुमाराला कापायला येतं. ते माळाच्या बाजूच्या, पाणी न धरणाऱ्या खाचरांत. गरव्याला एकशेचाळीस दिवस आणि वर लागतात. ते खोलगट, ओलाव्याच्या जमिनीत. मधलं निमगरवं. वरकस जमिनीवर नाचणी आणि वरई. कर्जतचं भात संशोधन केंद्र इथून जवळच असल्यानं कर्जत नावाच्या जाती घरोघरी पोचल्या आहेत. कुठल्या खाचरात काय टाकायचं हे खाचरांच्या उंचीवरून ठरलेलं असे. आता त्यात दुसरा प्रश्न शिरला आहे. पाऊस ऑक्टोबरात लांबला तर हळवं कापणीत सापडतं, २०१९सारखं. मग पुढच्या वर्षी लोक गरव्याकडे वळतात. ऑगस्टात खंड पडला तर माळाचं भात पोटरीतच वाळतं. २०२३ साली एल निनो होता. जुलैत पाऊस धो-धो, त्यातच १९ जुलैच्या रात्री सह्याद्रीच्याच डोंगरांत इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली, आणि लगेचचा ऑगस्ट देशभरातल्या नोंदींत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एकाच हंगामात दरड आणि खंड. हंगामाची बेरीज ९४ टक्के, म्हणजे फार वाईट नाही!

हवामान खात्याचा हंगामी अंदाज बेरजेचा असतो. शेतकऱ्याचा प्रश्न तारखांचा असतो. वीस-पंचवीस दिवस आधी 'आता उघडीप मिळेल' किंवा 'कापू नका' एवढं कुणी खात्रीनं सांगितलं, तर त्याला एल निनोशी देणंघेणं नाही. असे दोन ते चार आठवड्यांचे अंदाज पुण्यात तयार होतात, विषुववृत्तावरून पूर्वेकडे सरकत जाणाऱ्या ढगांच्या लाटेवर नजर ठेवून. त्यांच्यात सुधारणा होते आहे. पण ते म्हशात कुणाच्या मोबाइलवर, कुठल्या शब्दांत पोचतात? 'कोकण विभागात तुरळक ठिकाणी मुसळधार' हे वाक्य ऐकून आजवर कुणी विळा खाली ठेवलेला मी पाहिलेला नाही. ज्यांची शेतीच नाही त्यांचं आणखी वेगळं. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. पाऊस लांबला की कच्च्या विटा विरघळतात, भट्टी उशिरा लागते, उचल घेतलेली असते आणि हाताला काम नसतं. हा तोटा कुठल्या पंचनाम्यात बसत नाही.

पाण्याच्या बाजूचीही एक परंपरा आहे आणि तिच्याबद्दल एकच तक्रार करून पुढे जातो. विलासराव साळुंख्यांची पाणी पंचायत, राळेगणसिद्धी, पुढे जलयुक्त शिवार, ही सगळी घाटावरच्या दुष्काळातून उगवलेली कामं आहेत. तिथे पाऊस कमी, म्हणून पडेल तो थेंब जिरवायचा. घाटाखाली पाऊस इतका, की पहिल्या चार सरींनी चर भरून वाहू लागतात. प्रश्न ऑक्टोबरनंतरचा असतो. इथे उपयोगी पडतो तो पोत्यांचा वनराई बंधारा, पावसाळा सरतासरता ओढ्यात घातलेला. पण तो घालायचा कधी? ऑक्टोबरच्या सुरुवातीला घातला आणि परतीचा पाऊस जोराचा आला तर पोत्यांसकट खाली. नोव्हेंबरात घातला तर ओढ्यात अडवायला धार उरलेली नसते. म्हणजे बंधाऱ्याची पोती भरणाऱ्या पोरांनाही शेवटी समुद्राकडेच पाहावं लागतं.

पुस्तकात शेतकरी, शिक्षक, आशाताई, हवामानाचे अभ्यासक, धरणग्रस्त असे वेगवेगळे लोक बोलतात. त्यांचं एकमत नाही आणि संपादकांनी ते करवून आणलेलंही नाही, हे मला फार आवडलं. कुणी सगळा दोष हवामानबदलावर टाकतो, कुणी ओढे बुजवून पाडलेल्या प्लॉटांवर आणि फार्महाउसांवर. मला दुसऱ्याचं म्हणणं अधिक वजनाचं वाटतं. समुद्र तापला म्हणून गावच्या नाल्यावर भराव पडत नाही. काही उणिवा आहेत. घाटमाथ्याखालच्या वाड्यांच्या दरडींवर आणखी एक लेख हवा होता. बायकांचे लेख कमी आहेत, आणि पाणी भरण्याचं काम त्यांचंच असताना हे खटकतं. भाषा काही ठिकाणी अहवालाची झाली आहे. पण इथल्या माणसांनी स्वतःच्या पावसाबद्दल स्वतः लिहिलं आहे, आणि शास्त्राचा भाग तपासून घेतला आहे, त्याच्यापुढे या उणिवा मी मोठ्या मानत नाही.

शेवटच्या पानांवर रिकामे तक्ते छापले आहेत. ते शोभेसाठी नाहीत. उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर, झाडाच्या आणि पागोळीच्या लांब ठेवावा. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेला, आत किती मिलीमीटर पाणी साठलं ते पट्टीनं मोजून तक्त्यात लिहावं आणि डबा रिकामा करावा. शेजारच्या रकान्यात दाढ कधी टाकली, आवणी कधी झाली, लोंबी कधी धरली, विहिरीचा तळ कधी दिसला ते लिहावं. पहिली नोंद पहिल्या पावसाची करावी. तो मृगात आला तर मृगाची, मे महिन्यात आला तर मे महिन्याची.